प्रश्न वाचकांचे : नैरोबीतला पहिला आठवडा

ओतकाम, साखर कारखान्यांची यंत्रे आणि पंप यांच्या निमित्ताने कोल्हापूर, कागल, इचलकरंजी भागातल्या तरुणांनी पूर्व आफ्रिकेत जाणे आता नवलाचे राहिलेले नाही. या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे नैरोबीविषयीच असल्याने हे सदर त्याच शहरासाठी ठेवले आहे. यंत्रांच्या उभारणीच्या कामानिमित्त मी तिथे राहिलेलो आहे, त्यामुळे काही ठिकाणी माझे मत आग्रहाने मांडले आहे, ते वाचकांनी माझे मत म्हणूनच वाचावे.

प्रश्न : शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात मी अभियंता आहे. आम्ही साखर कारखान्यांना लागणारे रोलर आणि इतर सुटे भाग बनवतो. केनियातल्या ग्राहकांच्या कामासाठी कंपनी मला तीन महिने नैरोबीला पाठवत आहे. मधूनमधून किसुमूच्या बाजूच्या कारखान्यांवरही जावे लागेल. परदेशी जाण्याची ही माझी पहिलीच वेळ. मित्र म्हणतात, पहिला आठवडा खोलीबाहेर पडूच नकोस. ट्रॅव्हल एजंट म्हणतो, पहिल्याच आठवड्यात सफारी उरकून घे. नेमके काय करावे?
— एक वाचक, शिरोली

उत्तर : दोन्ही सल्ले बाजूला ठेवा. नैरोबी हे पहाटेपासून धावणारे, कामाचे शहर आहे आणि पहिला आठवडा त्याची रोजची घडी अंगवळणी पाडण्यासाठी वापरायचा असतो. पैसे कसे द्यायचे, कोणत्या वाहनाने जायचे, अंधार केव्हा पडतो आणि माणसांशी बोलायला सुरुवात कशी करायची, एवढ्या बाबी नीट जमल्या की पुढचे तीन महिने सोपे जातात. भीतीने खोलीत बसून राहिलेला माणूस आणि पर्यटकासारखा भटकून आलेला माणूस, दोघेही आठव्या दिवशी सारखेच नवखे असतात.

मात्र काही कामे इथूनच करून जायची आहेत. केनियाने जानेवारी २०२४ पासून व्हिसाची जुनी पद्धत बंद करून तिच्या जागी इलेक्ट्रॉनिक प्रवास परवानगी आणली. पासपोर्ट, छायाचित्र, राहण्याच्या जागेचा पुरावा आणि विमानाचे तिकीट जोडून सरकारी संकेतस्थळावर अर्ज करायचा. शुल्क सुमारे ३० डॉलर पडते. अगदी सरकारी वाटावीत अशी मध्यस्थांची संकेतस्थळे बरीच आहेत आणि ती जास्तीचे पैसे घेतात, तेव्हा पत्ता नीट पाहूनच पैसे भरा. याहून महत्त्वाचे असे की, ही परवानगी देशात भेट देण्यासाठी आहे, नोकरी करण्यासाठी नाही. ग्राहकाबरोबर बैठक करणे वेगळे आणि तीन महिने त्याच्या कारखान्यात यंत्रावर उभे राहून काम करणे वेगळे. अल्प मुदतीच्या कामासाठी तिथे स्पेशल पास नावाचा वेगळा परवाना असतो आणि तो मिळवण्याची जबाबदारी तुमच्या कंपनीने किंवा तिथल्या यजमान कंपनीने उचलायला हवी. ‘तिकडे पोहोचल्यावर बघू’ हे उत्तर वरिष्ठांकडून आले तर नम्रपणे, पण ठामपणे, नाकारा. पकडला जातो तो कामगार, वरिष्ठ नव्हे.

पिवळ्या तापाच्या लसीबाबत आपल्याकडे हमखास गोंधळ होतो. भारतातून थेट जाणाऱ्याकडे केनिया हे प्रमाणपत्र मागत नाही, म्हणून अनेक जण निश्चिंत राहतात आणि परतताना अडकतात. केनिया हा या रोगाचा धोका असलेल्या देशांच्या यादीत असल्यामुळे तिथून भारतात येणाऱ्याकडे आपलेच सरकार प्रमाणपत्र मागते, आणि ते नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवले जाऊ शकते. लस टोचल्यापासून दहा दिवसांनी प्रमाणपत्र ग्राह्य धरले जाते आणि ते आयुष्यभर चालते. ही लस कोणत्याही दवाखान्यात मिळत नाही. मुंबई-पुण्यातल्या अधिकृत केंद्रांवर वेळ ठरवून जावे लागते, म्हणून तिकीट हातात येताच आधी हे काम करा. अंड्याची ॲलर्जी असल्यास किंवा वय साठच्या पुढे असल्यास डॉक्टरांशी बोलूनच लस घ्यावी.

तुमच्या पत्रातला किसुमूचा उल्लेख मला सर्वांत महत्त्वाचा वाटला. नैरोबी समुद्रसपाटीपासून सुमारे १,८०० मीटर उंचीवर, म्हणजे महाबळेश्वरापेक्षाही वर, वसलेली आहे आणि त्या थंडाव्यामुळे तिथे हिवतापाचा धोका कमी असतो. किसुमू मात्र व्हिक्टोरिया सरोवराच्या काठावर आहे, केनियाचा ऊस पट्टा त्याच पश्चिम भागात आहे आणि हिवतापाचा जोरही तिथेच आहे. नैरोबीत महिनाभर डास फारसे न दिसल्याने बेफिकीर झालेला माणूस एका कारखाना-भेटीत ताप घेऊन येतो. प्रतिबंधक गोळ्यांविषयी निघण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारा, पश्चिमेकडे जाताना मच्छरदाणीशिवाय झोपू नका, आणि कोल्हापूरला परतल्यानंतर काही आठवड्यांत ताप आला तर ‘मी केनियाहून आलो आहे’ हे वाक्य डॉक्टरांना सर्वांत आधी सांगा.

सामानाबद्दल थोडक्यात. आफ्रिका म्हणजे उकाडा, ही समजूत सोडून स्वेटर घ्या. जून ते ऑगस्ट या काळात नैरोबीच्या सकाळी चांगल्याच गार असतात. मार्च ते मे हा मोठ्या पावसाचा आणि ऑक्टोबर ते डिसेंबर हा लहान पावसाचा काळ असतो, त्यामुळे छत्रीही हवी. विजेचा दाब आपल्यासारखाच असला तरी प्लगच्या पिना चौकोनी असतात, म्हणून एखादा अडॅप्टर जवळ असू द्या. प्लास्टिकच्या कॅरीबॅगांवर २८ ऑगस्ट २०१७ पासून केनियात कडक बंदी आहे आणि कायद्यातली शिक्षा ऐकून आपल्याकडचा प्लास्टिकबंदीचा अनुभव विसरावा लागतो: चाळीस लाख शिलिंगपर्यंत दंड किंवा चार वर्षांपर्यंत कैद. विमानतळावर बॅग उघडल्यावर चिवडा, चटणी आणि चपला वेगवेगळ्या कॅरीबॅगांत बांधलेल्या निघणे बरे नव्हे. सगळे कापडी पिशव्यांत किंवा डब्यांत भरा.

आता पोहोचल्यानंतरचे. मुंबईहून थेट विमान सुमारे सहा तासांत जोमो केन्याटा विमानतळावर उतरते. तिथेच पासपोर्ट दाखवून सिमकार्ड घ्या आणि त्यावर एम-पेसा सुरू करून मागा. मार्च २००७ मध्ये सफारीकॉम कंपनीने सुरू केलेली ही सेवा म्हणजे तिथल्या व्यवहाराचा कणा आहे. आपल्या यूपीआयमागे बँकेचे खाते लागते. एम-पेसाला बँक लागत नाही, मोबाइल क्रमांक हेच खाते असते आणि कोपऱ्यावरच्या टपरीवजा दुकानातला एजंट रोख रक्कम घेऊन ती तुमच्या क्रमांकावर जमा करतो. साध्या बटणांच्या फोनवरही हे चालते. दुकानात ‘टिल नंबर’ लिहिलेला असतो. तो टाकायचा, रक्कम टाकायची, पडद्यावर दुकानाचे नाव आले की ते वाचायचे आणि मगच पिन द्यायचा. नाव न वाचता पिन देण्याची घाई पहिल्या आठवड्यातच मोडून काढा. ‘चुकून तुमच्या क्रमांकावर पैसे आले, परत पाठवा’ असा निरोप आला, तर आधी आपली शिल्लक तपासा. हा तिथला जुना आणि अजूनही चालणारा फसवणुकीचा प्रकार आहे.

वाहनांत सर्वांत जास्त दिसते ती मटाटू, म्हणजे ठरलेल्या मार्गावर धावणारी खासगी मिनीबस. रंगीबेरंगी चित्रे, कानठळ्या बसवणारे संगीत आणि दारात लोंबकळत गिऱ्हाईक हाकारणारा कंडक्टर, असे तिचे रूप असते. आपल्या वडापची सवय असलेल्या माणसाला तिच्यातली दाटी नवी वाटणार नाही. वाहतूकमंत्री जॉन मिचुकी यांनी २००४ मध्ये वेगनियंत्रक, सीटबेल्ट आणि गाडीभोवतीचा पिवळा पट्टा सक्तीचा केला, तेव्हापासून शिस्त बरीच आली, जरी ती रोज सारखी दिसत नसली तरी. भाडे वेळेनुसार बदलते. सकाळ-संध्याकाळच्या गर्दीत वाढते आणि पाऊस आला की आणखी वाढते, त्यात फसवणूक समजू नका. चढण्यापूर्वी भाडे विचारा आणि सुटे पैसे हातात ठेवा. माझा सल्ला असा की, पहिले दोन-तीन दिवस ॲपवरून टॅक्सी मागवून जा, गाडीचा क्रमांक जुळवून मगच बसा, आणि चौथ्या दिवशी एखाद्या स्थानिक सहकाऱ्याबरोबर मटाटूने प्रवास करा. एकदा मार्ग कळला की शहर कळू लागते. बोडाबोडा या मोटारसायकल टॅक्सीवर मात्र बसू नका. त्या स्वस्त आहेत, वेगवान आहेत आणि वाहतूक कोंडीतून वाट काढतात. याच कारणांमुळे अपघातही त्यांचेच होतात.

वेळेबाबत दोन गोष्टी. विषुववृत्ताजवळ असल्यामुळे तिथे वर्षभर सूर्य साधारण साडेसहाच्या आगेमागे उगवतो आणि तसाच मावळतो. आपल्याकडच्या उन्हाळ्यातली लांबलेली संध्याकाळ तिथे नसते, पाहता पाहता अंधार होतो. परतीचा हिशेब त्याप्रमाणे ठेवा. दुसरे असे की, स्वाहिली बोलणारा माणूस तास सूर्योदयापासून मोजतो, म्हणजे सकाळचे सात म्हणजे त्याचा एक वाजलेला असतो आणि नऊ म्हणजे तीन. इंग्रजीत बोलताना हीच माणसे आपल्यासारखीच वेळ सांगतात. त्यामुळे मिस्त्री किंवा वाहनचालक यांच्याशी वेळ ठरवताना ती इंग्रजीत एकदा पुन्हा वदवून घ्या, नाहीतर सहा तासांचा घोळ होतो.

शेवटचा मुद्दा कामाच्या जागेचा. कोल्हापुरात आपण कारखान्यात शिरताच ‘काय, झालं का काम?’ असे विचारतो आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही. नैरोबीत असे केले तर समोरचा माणूस उत्तर देईल, पण मनातून दुरावेल. आधी ‘हबारी’ म्हणून खुशाली विचारायची, त्याची ऐकून घ्यायची, आपली सांगायची आणि मग कामाकडे वळायचे. पहारेकऱ्यापासून व्यवस्थापकापर्यंत हा क्रम सर्वांसाठी सारखा आहे. आवाज चढवून काम लवकर होते, हा आपल्याकडच्या काही फोरमन मंडळींचा समज तिथे अजिबात नेऊ नका. तिथल्या आशियाई मालकांविषयी स्थानिक कामगारांच्या मनात जुन्या तक्रारी आहेत आणि तुम्ही दिसता त्याच रंगाचे. रविवारी मोकळे असाल तर शहराला लागूनच असलेल्या राष्ट्रीय उद्यानात जा. ११७ चौरस किलोमीटरच्या या उद्यानात सिंह आणि गेंडे आहेत, मागे शहरातल्या उंच इमारती दिसतात, आणि प्रवेशशुल्क रोखीने नव्हे तर ऑनलाइन भरावे लागते. एजंटची महागडी सफारी नंतर, सवडीने.

प्रश्न : माझा मुलगा पुढच्या महिन्यात नैरोबीला जाणार आहे. तिथे लूटमार फार होते असे ऐकून जिवाला घोर लागला आहे. त्याच्या गळ्यात आजोबांची सोन्याची चेन आहे, ती तो काढायला तयार नाही. मी काय करावे?
— एक आई, शाहूपुरी

उत्तर : ताई, चेन घरी ठेवायला लावा, या एका बाबतीत तुमचा हट्ट योग्य आहे. नैरोबीत चोऱ्या होतात, पण त्या बहुतेक ठरावीक ठिकाणी आणि ठरावीक वेळी होतात. मध्यवर्ती भागातल्या रिव्हर रोडसारख्या दाट रस्त्यांवर, बसथांब्यांच्या गर्दीत आणि कोंडीत थांबलेल्या वाहनाच्या उघड्या खिडकीतून मोबाइल ओढून नेला जातो. रस्त्यात उभे राहून फोनवर नकाशा पाहू नये, हवे तर दुकानात शिरून पाहावा. अंधार पडल्यावर थोडे अंतरही पायी जाऊ नये. मूळ पासपोर्ट राहत्या जागी कुलपात आणि त्याची प्रत खिशात ठेवावी. एवढे पाळणाऱ्याला सहसा त्रास होत नाही.

मॉलच्या दारात गाडीखाली आरसे फिरवून तपासणी होते, कार्यालयात शिरताना नाव लिहून ओळखपत्र दाखवावे लागते. हे पाहून त्याने घाबरू नये. सप्टेंबर २०१३ मध्ये वेस्टगेट मॉलवर झालेल्या दहशतवादी हल्ल्यात ६७ जणांचा बळी गेला, तेव्हापासून ही दक्षता नेहमीचीच झाली आहे. जून २०२४ मध्ये करवाढीच्या विधेयकाविरुद्ध तरुणांनी मोठे आंदोलन केले आणि जमाव संसदेच्या आवारात शिरला. अशा दिवशी मध्यवर्ती भाग बंद असतो, गोळीबारही झालेला आहे. मोर्चाची बातमी असेल तर घरीच राहावे, पाहायला म्हणूनही जाऊ नये. सरकारी इमारती आणि पोलीस यांची छायाचित्रे काढू नयेत. पोहोचल्यावर भारतीय उच्चायुक्तालयाकडे नाव नोंदवून ठेवावे. आणीबाणीत ९९९ किंवा ११२ हे क्रमांक लागतात.

आणखी एक, तुमच्यासाठी. नैरोबीचे घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे असते. तो सात वाजता घरी पोहोचेल तेव्हा कोल्हापुरात साडेनऊ वाजलेले असतील. त्याआधी फोन उचलला नाही तर तो रस्त्यात आहे असे समजा. रस्त्यात फोन न उचलणे हेच त्याने करायला हवे.

प्रश्न : मी शाकाहारी आहे, आणि जेवणात तिखट नसेल तर घास उतरत नाही. नैरोबीत निभावेल का?
— एक वाचक, कागल

उत्तर : शाकाहार निभावेल, तिखटाची सोय स्वतः करावी लागेल. तिथले रोजचे अन्न म्हणजे उगाली, अर्थात मक्याच्या पिठाचा घट्ट शिजवलेला गोळा, आणि त्याबरोबर सुकुमा विकी ही परतलेली पालेभाजी. मका आणि घेवडा एकत्र शिजवलेली गिथेरी, मुगाची उसळ, चपाती आणि दुधाचा चहा सगळीकडे मिळतो. जेवण हातानेच करतात आणि त्याआधी हात धुवायला पाणी आणून देतात, त्यामुळे परकेपणा वाटत नाही. मात्र या सगळ्याला मीठ सोडून फारसा मसाला नसतो. घरचा कांदा-लसूण मसाला बंद डब्यात न्या. ताजी भाजी, रोपे किंवा बियाणे मात्र नेऊ नका, त्यांना वनस्पती तपासणी खात्याची परवानगी लागते. पार्कलँड्स भागातल्या डायमंड प्लाझा परिसरात भारतीय किराणा आणि खानावळी आहेत. गुळाची चिंता नको, पश्चिम केनियात उसाचा गूळ बनतो, जरी कोल्हापूरकराला तो पसंत पडेलच असे मी म्हणणार नाही. मांसाहारी वाचकांनी न्यामा चोमा, म्हणजे निखाऱ्यावर भाजलेले मटण, कचुंबरीबरोबर जरूर खावे. रश्श्याची अपेक्षा ठेवू नये. नळाचे पाणी कोणीच पिऊ नये.

प्रश्न : मी निवृत्त इतिहास शिक्षक आहे आणि मुलीकडे नैरोबीला जाणार आहे. तिथली रेल्वे भारतीयांनी बांधली असे वाचले आहे. त्याच्या खुणा आज पाहायला मिळतात का?
— एक वाचक, मंगळवार पेठ

उत्तर : सर, नैरोबी हे शहरच त्या रेल्वेची खूण आहे. मोंबासा बंदरापासून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंतच्या युगांडा रेल्वेचे काम १८९६ मध्ये सुरू झाले आणि १८९९ मध्ये रूळ इथल्या दलदलीच्या माळावर पोहोचले, तेव्हा चढाचा घाट लागण्यापूर्वी सामान ठेवण्यासाठी जो तळ पडला त्याचेच शहर झाले. ब्रिटिश हिंदुस्थानातून, मुख्यतः पंजाबातून, सुमारे ३२ हजार करारबद्ध मजूर या कामासाठी नेले होते आणि त्यांतले सुमारे अडीच हजार तिथेच मेले. बरेच जण परतले, थोडे राहिले. त्यांच्यापाठोपाठ आणि स्वतंत्रपणेही गुजराती व्यापारी, गोव्याचे कारकून आणि शिंपी आले. आजची आशियाई वस्ती म्हणजे त्या मजुरांचेच वंशज, असे सरसकट म्हणतात ते बरोबर नाही.

रेल्वे स्थानकाजवळचे रेल्वे संग्रहालय पाहा. जुनी इंजिने आणि डबे तिथे उघड्यावर उभे आहेत. भर शहरातली जीवनजी बाग ए. एम. जीवनजी या कंत्राटदाराने १९०६ मध्ये नागरिकांना दिली. दुपारी तिथे बाकांवर बसून राजकारणावर वाद घालणारी मंडळी भेटतात आणि तुमच्यासारख्या शिक्षकाला त्यांत सामील व्हायला वेळ लागणार नाही. कामगार नेते माखन सिंग यांनी १९५० मध्ये पूर्व आफ्रिकेच्या पूर्ण स्वातंत्र्याची जाहीर मागणी केली आणि त्यापायी अकरा वर्षे स्थानबद्धता भोगली. आपल्याला अधिक जवळचे पिओ गामा पिंटो: नैरोबीत जन्मलेले, मूळचे गोव्याचे, काही काळ धारवाडच्या कर्नाटक महाविद्यालयात शिकलेले. केनियाच्या स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगवास भोगून ते स्वतंत्र देशाच्या संसदेत गेले आणि २४ फेब्रुवारी १९६५ रोजी नैरोबीतच, घराच्या फाटकाशी, गोळ्या घालून त्यांची हत्या झाली. जुलै २०१७ मध्ये केनिया सरकारने तिथल्या आशियाई समाजाला देशातली ४४वी जमात म्हणून मान्यता दिली. मुलीच्या शेजारपाजारच्या वृद्ध माणसांशी या मान्यतेविषयी बोला. कोणी अभिमानाने सांगेल, कोणी ‘इतक्या उशिरा?’ असे विचारेल, आणि दोन्ही ऐकण्यासारखे असेल.

प्रश्न : नैरोबीतल्या यजमानांना कोल्हापुरी चपला भेट द्याव्यात का?
— एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : जरूर द्याव्यात, पण पायाचे माप आधी मागवून घ्या आणि पावसाच्या महिन्यांत जाणार असाल तर ओल्या रस्त्यावर त्या वापरू नयेत हे सांगून द्या. जुन्या टायरपासून बनवलेल्या अकाला नावाच्या चपला तिथे बाजारात मिळतात. चिखलासाठी त्या अधिक कामाच्या आहेत, आणि परतताना स्वतःसाठी एक जोड घ्यायला हरकत नाही.